पाव किलो ब्रोकोली

कुडाळच्या बुधवारच्या बाजारात तीन वर्षे मी तिच्याकडून भाजी घेतो, पण तिचं नाव कधी विचारलं नाही. घाटावरून आलेली ब्रोकोली ती पुढच्या रांगेत मांडते आणि गिऱ्हाइकाला आधी कृती सांगते.

"रायेची फोडणी, वर खोबरां आणि चार मिनटां. पाचव्या मिनटाक गवत जातलां. सुंगटां घातलंस तर पोरां ताट चाटतली!"

मी घड्याळ लावून पाहिलं. चारच मिनिटं बरोबर आहेत. देठ कुरकुरीत राहतात आणि कोळंबीचा गोडवा तुऱ्यांत उतरतो. ब्रोकोलीत तंतू आणि क जीवनसत्त्व भरपूर असतं, हेही मी वाचलं होतं. म्हणून हृदयाची झडप बदलल्यावर तिच्याकडे एकदम दोन किलो मागितली.

"आता रोज हीच खातलंय," मी म्हणालो. "रक्त पातळ करूची गोळी चालू आसा."

तिने माझ्या पिशवीत हात घालून सगळे गड्डे परत काढले.

"माझो घोव तीच गोळी खाता. ह्या भाजयेन तिचो जोर कमी जाता. आधी डॉक्टराक इचार, मगे ये."

डॉक्टर म्हणाले, खा, पण दर आठवड्याला सारखीच. एकदम वाढवू नका. पाव किलो ठरली. हे मी तिला सांगितलं.

गेल्या बुधवारी घरी पाहुणे यायचे होते, म्हणून मी किलोभर मागितली. तिने दोन पिशव्या भरल्या आणि लहान पिशवीला गाठ मारून ती माझ्या हातात दिली.

"ही तुझी. ती पावण्यांची. तेच्यात हात घालू नको हां!"