कापगतेबाबूंची कुलूपबंद फ्लॉपी

आमच्या चिखल्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर मँगनीजची काळी धूळ बसते. झटका, घडी घाला, पुन्हा बसते! आमच्या नाटकमंडळीचे किस्सेही असेच. एक सांगून होत नाही तोवर दुसरा हजर. त्यातले निम्मे कापगतेबाबूंच्या कॉम्प्युटरचे. आज तेवढेच सांगतो. ते दिवस आठवले की अजूनही मला खुर्चीत धड बसवत नाही.

कापगतेबाबू मूळचे एकोडीचे. इथे खाणीचा माल वाहणाऱ्या एका ठेकेदाराकडे हेडक्लार्क. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर बाबूंनी घरी आणला. ट्रकमधून, धानाच्या तणसात गुंडाळून! मशीनच्या पोटात काही साठायचं नाही. सगळा जीव त्या पातळ, चौकोनी फ्लॉपीत.

आणि त्या फ्लॉपीत आमचा जीव! कोंढ्याचे लांजेवार गुरुजी रिटायर होऊन मुलाकडे चिखल्याला आले होते. गावतलावाची पार, म्हणजे बांध, फुटते, त्यावर त्यांनी तीन अंकी नाटक रचलं होतं. मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, म्हणून गुरुजी सांगत आणि बाबू टाइप करत. कागदावर एक ओळ नाही. एकोडीच्या शंकरपटात नाटक करायचं ठरलं होतं. बैलांच्या शर्यतींचा पट म्हटला की आमच्याकडे नाटक आलंच! त्यात तलावाच्या राखणदाराचं काम माझं. फ्लॉपी गेली की नाटक गेलं, इतकं सरळ होतं.

*

एकदा बाबू नागपूरहून आले ते पांढरेफटक होऊन.

"व्हायरस म्हणून आहे जी एक! एका फ्लॉपीतून मशीनमध्ये घुसते, मशीनमधून दुसऱ्या फ्लॉपीत. लिहिलेलं सारं खाऊन टाकते!"

दुकानदारानं उपायही सांगितला होता. परकी फ्लॉपी आपल्या मशीनमध्ये घालायची नाही; घातलीच तर आपली घालण्याआधी मशीन एकदा बंद करायचं. आणि आपल्या फ्लॉपीच्या कडेला जी खाच असते ती चिकटपट्टीनं बंद करायची, म्हणजे तिच्यावर कोणालाच काही लिहिता येत नाही.

चिखल्यात तसली पट्टी कुठली? भिंतीपलीकडे सीताबाई राहायची. दिवसभर अंगणात बसून विड्या वळायची. बाबूंनी तिच्याकडून विडीच्या कट्ट्यावर, म्हणजे बंडलावर, लावायची लेबलं आणली आणि भाताच्या शितांनी नाटकाची फ्लॉपी आणि तिची कॉपी, दोन्हींच्या खाचांवर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दोन तास तिसरा अंक सांगितला. राखणदार फुटल्या पारीकडे निघतो, बायको त्याला अडवते, तो प्रवेश. बाबूंनी सेव्हचं बटण दाबलं. मशीन म्हणालं, लिहिता येत नाही! दोन तासांचं सगळं वाहून गेलं.

कापगतेवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "चोरासाठी दार लावलं, अन् घरमालकच बाहेर!"

गुरुजींनी प्रवेश पुन्हा सांगितला. पण बायकोच्या तोंडचं एक वाक्य काही केल्या परत आलं नाही. पुढं कितीतरी दिवस ते बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "नाही जी, ते वाक्य तसं नव्हतं." मला फार वाईट वाटायचं.

*

मग बाबूंनी पासवर्ड बसवला. पाच इंग्रजी अक्षरं, जगात कोणालाही ठाऊक नाहीत!

आता बाबूंना एक खोड. टाइप करताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. गुरुजींनी सांगितलेलं वाक्यही आधी मोठ्यानं, मग बोटांनी. आणि गुरुजींचा आवाज तर शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा!

एकदा आम्ही सगळे बसलो होतो. बाबूंनी हातानं पडदा झाकला आणि सुरू केलं, "ई... के... ओ... डी..."

तेवढ्यात वहिनींनी हाक मारली. बाबू उठून गेले, परत येऊन बसले आणि एन्टर दाबलं. पासवर्ड चुकला! पुन्हा बघतात, विचार करतात, घाम पुसतात.

भिंतीपलीकडून आवाज आला, "बाबूजी, आय राहिला!"

*

पट जवळ येत होता. पात्रांना नकला हव्या होत्या. मला तर अन्न गोड लागेना. मी बाबूंच्या मागे लागलो, तेव्हा ते छापून आणायला भंडाऱ्याला गेले. दिवसभर मी एस.टी.च्या थांब्यावर चकरा मारत होतो. संध्याकाळी बाबू उतरले, हात रिकामे.

"दुकानदार म्हणे, फ्लॉपी माझ्या मशीनमध्ये घाला. मी काहून घालू?"

"मग छापणार कसं जी?"

"मी त्याले म्हटलं, तुमचं छपाईचं मशीन घेऊन चिखल्याले या!"

*

बाबू कोणाचंही ऐकत नसत. पण जावयाला नाही म्हणणारा माणूस भंडारा जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे.

जावई नागपूरहून आले ते गेमची फ्लॉपी घेऊन. बाबू वहिनींना स्वयंपाकघरात घेऊन गेले. "कायले आणली यांनी फ्लॉपी? मी नाही म्हणून सांगतो."

"अन् पोरीले तिकडं कोण पाहील? घाला गुपचूप!"

बाबूंनी नाटकाची फ्लॉपी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. जावई तासभर खेळले. मध्येच पडद्यावर एक पांढरा ठिपका चेंडूसारखा इकडून तिकडे आपटायला लागला. जावई म्हणाले, "गेमचाच असेल."

जावयाला गाडीत बसवून बाबू परत येतात तो गुरुजी दारात. शेवट बदलायचा होता. घाईत बाबूंनी मशीन बंद न करताच कपाटातली फ्लॉपी घातली. लिहायचं म्हणून खाचेवरचं लेबलही काढलेलं!

पडद्यावर ठिपका आपटत होता. नाटक उघडेना.

बाबू म्हणाले, "घाबरू नका, दुसरी कॉपी आहे." आणि ती बरी आहे का बघायला त्याच मशीनमध्ये घातली! तिच्यावर लेबल असायला हवं होतं. पण शितांनी चिकटवलेलं लेबल झुरळांनी कधीच खाल्लं होतं.

*

मला निरोप आला तसा मी धावत गेलो. बाबू मागच्या पडवीत डोकं धरून बसलेले. गुरुजी समोरच्या खाटेवर. बाकीची मंडळीही एकेक करून आली. पटाला पंधरा दिवस उरले होते.

"गुरुजी, पुन्हा सांगाल का?" मी विचारलं.

"माझं वय पंचाहत्तर आहे, बाबा. तुकडे आठवतात. नाटक नाही आठवत."

वहिनींनी चहा आणला. कोणी घेतला नाही. भिंतीपलीकडे सीताबाईची कात्री टेंभुर्णीच्या पानांवर कटकट चालली होती. मग ती थांबली.

"बाबूजी, कागद आहे का?"

बाबूंनी मान वर केली. सीताबाईनं पहिल्या अंकापासून सुरुवात केली. पाटील, राखणदार, गावकरी, सगळ्यांची वाक्यं, आणि गुरुजी जिथं थांबत तिथं थांबून! मी वहिनींच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं फाडून लिहायला लागलो. लिहिता लिहिता दुपार उलटली, वही बदलली, तिसरा अंक आला. राखणदार पारीकडे निघाला, बायको आडवी आली.

"पाणी तुमचं नाव घेऊन नाही आलं जी. मग तुम्हीच काहून जाता?"

गुरुजी खाटेवरून उठले. चाचपडत भिंतीपाशी गेले आणि भिंतीवर दोन्ही हात ठेवले.

"सीताबाई, हे वाक्य कुठं होतं?"

"दुसऱ्या खेपेले तुम्ही सोडलं, गुरुजी. मी नाही सोडलं."