मीठ लावलेली वैरण

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. आमच्या सेक्शनचं पोस्टिंग लागलं कुरुंदवाडच्या बाजूला, माळावरच्या जनावरांच्या छावणीवर. ऑर्डर संध्याकाळी पाचला हातात पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ट्रकजवळ फॉल-इन.

लोक विचारतात, तुम्ही बाईमाणूस, तुम्ही कसल्या शिपाई? तर सांगते. जिल्ह्यात तेव्हा बायकांचं स्वयंसेवक दल होतं. खाकी साडी, कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी, हातात लाठी. रविवारी परेड. मी मुरगूडची, शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं स्वतःच वाचून शिकले. दलात सात वर्षं काढली. सेक्शन लीडर होते, हाताखाली नऊ जणी. बंदूक कधी हातात धरली नाही. तरी माझ्यामुळे जीव गेले, आणि तेच आज लिहायला बसले आहे.

छावणीत दीडशेच्या वर जनावरं होती. पूर्वेकडच्या कोरड्या भागातून माणसं ती चालवत घेऊन आली होती, कारण आमच्याकडे वैरणीला उसाचं वाडं मिळायचं. इनचार्ज होते सुभेदार चौगुले. फौजेत खेचरांच्या कंपनीत नोकरी करून रिटायर झालेले. बोलणं कमी, चालणं फार. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एका बैलाजवळ उभं केलं. त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी लगेच जागेवर बसली.

"बसली की पाणी पुरतंय. तशीच उभी राहिली की पाणी कमी. डोळं आत गेलं की लईच कमी. समजलं?"

"समजलं, साहेब."

"माणूस तहान लागली की बोंबलतंय. जनावर आधी खायाचं थांबतंय. वैरण सोडली की म्हणू नका, आजारी हाय. आधी पाण्याचं बघा."

हे वाक्य मी वहीत लिहूनही घेतलं होतं. लिहून घेतलं म्हणजे डोक्यात शिरतं असं नाही, बघा.

रोजचं काम ठरलेलं. साडेपाचला हजेरी. सातला आणि दुपारी चारला पाणी. नदी तिथून दोन मैलांवर. काठावर इंजिन-पंप, तिथून पाइपानं पाणी छावणीच्या हौदात. माझ्या सेक्शनकडे तीन नंबरची रांग, चाळीस जनावरं. त्यात रत्तव्वाची म्हैस चंद्री. रत्तव्वा सीमेकडची, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलायची. नवरा वारलेला. मला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. चंद्री सात महिन्यांची गाभण होती. रत्तव्वा म्हणायची, "ही वेली की माझं घर परत उभं ऱ्हातंय. ही न्हाय तर कशाला परत जायाचं?" दुसरं तिच्याकडे काही नव्हतंच.

दहाव्या दिवशी एक नंबरच्या रांगेत तीन बैलांच्या तोंडातून लाळ गळायला लागली. खुरकूत. डॉक्टर आले, त्यांनी छावणी बंद केली. सभोवार चुन्याची रेघ मारली. रेघेबाहेर जनावर नाही, माणूस नाही, कारण रोग पायाला आणि कपड्यालाही चिकटून जातो. नदीकाठच्या गावांची हजारो जनावरं धोक्यात येतील. पिकेट, म्हणजे रेघेवरचा पहारा, लावायचं आमच्याकडे आलं. ऑर्डर बरोबर होती. आजही मी ती बरोबरच म्हणते.

बुधवारी सकाळी सातला हौदात पाणी आलं नाही. नदीवरचं इंजिन जळालं होतं.

तळाचं पाणी होतं ते अर्धी अर्धी बादली वाटलं. माणसांसाठी दोन पिंपं फाटकाशी येत, त्यावर पहारा. उन्हाळ्यात एका म्हशीला पाच-सहा बादल्या सहज लागतात, आणि लोळायला चिखल पाहिजे तो वेगळाच. फाटकावर पोलिसांचा वायरलेस होता. सुभेदार स्वतः सेटवर बसले. मी शेजारी उभी.

"कंट्रोल, छावणी. पाणी संपलं. टँकर कधी? ओव्हर."

"छावणी, टँकर दुसरीकडं गेलाय. थांबा. ओव्हर."

"कितीवेळ? ओव्हर."

"कळवतो. आऊट."

गुरुवारी सकाळी अकरापर्यंत ऊन असं की चुन्याच्या रेघेकडे बघवेना. शेण गोळ्यांसारखं कडक पडायला लागलं. दुभत्या जनावरांचं दूध आटलं. वाऱ्यावर नदीचा वास यायचा. जनावरं सगळी त्याच दिशेला तोंड करून उभी. हंबरत नव्हती. ते गप्प राहणं फार वाईट होतं.

साडेबाराला चंद्रीनं दावं तोडलं आणि सरळ रेघेकडे निघाली. पिकेटवर मी. आडवी झाले, ऐकेना. मग लाठी चालवली. नाकावर, मग शिंगाच्या बुडाशी. रत्तव्वा मागून पळत आली.

"मारू नगं तंगी, गाभण हाय ती."

"मागं घे तिला."

"पाण्याला निघालीय गं. चोरीला न्हवं."

"माहीत हाय मला. मागं घे."

आणखी तीन फटके मारले तेव्हा फिरली. नाकातून रक्त येत होतं आणि ती ते जिभेनं चाटत होती.

त्या दुपारी माझ्या रांगेतल्या जनावरांनी वैरणीला तोंड लावायचं सोडलं. बाया माझ्याभोवती जमल्या. "बाई, खाईनात की. आता काय करायचं?" मला वाटलं, पाणी माझ्या हातात नाही, निदान पोटात काही जाऊ दे. मघाशी चंद्रीला मारलं होतं, तेही मनात होतंच. माहेरी आम्ही एक करायचो. जनावराची तोंडाची चव गेली की वैरणीला मीठ चोळून घालायचो. मग ते चाटून चाटून खातं. आमच्या घरामागं ओढा वाहत होता, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

स्टोअरमध्ये खड्याच्या मिठाची पोती होती. मी एक पोतं सोडवलं.

"मीठ चोळा. मूठभर न्हवं, चांगलं वंजळभर."

सुभेदारांना विचारलं नाही. ते सेटवर होते. जनावरांनी खाल्लं. खरंच खाल्लं. बायांनी माझ्याकडे देवमाणसासारखं बघितलं. संध्याकाळी पुन्हा घातलं. शुक्रवारी सकाळी पुन्हा.

शुक्रवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी टँकर आला. सुभेदारांनी ऑर्डर दिली, "एकेक बादली. मग अर्धा तास थांबा. मग दुसरी." पण पाण्याचा आवाज झाला आणि चारी रांगांतली दावी तुटली. जनावरं हौदावर पडली. आम्ही लाठ्या टाकून शिंगं धरून ओढत होतो. कुणी कुणाला आवरेना. चंद्री हौदात मान घालून प्यायली ती पोट ढोलासारखं होईपर्यंत. रत्तव्वा तिच्या पाठीवर हात फिरवत होती. मला हसून म्हणाली, "जगली बघ."

दोनच्या सुमाराला चंद्री गोल फिरायला लागली. एकाच बाजूला, खुंट्याभोवती. मग खुंट्याला धडकली. मी डोळ्यांसमोर हात हलवला, पापणी मिटेना. आंधळी झाली होती. मग शेजारची गाय तशीच. मग तिच्या पलीकडचा बैल. पडायचे, चारी पाय ताठ व्हायचे, तोंडाला फेस. संध्याकाळी सहापर्यंत अकरा गेली. बाकीच्या तिन्ही रांगा तितक्याच तहानेल्या, तितकंच भसाभस प्यायलेल्या. त्यांच्यातलं एकही गेलं नाही. अकराच्या अकरा माझ्या रांगेतली.

चंद्रीला सर्वांत जास्त वेळ लागला. तीन तास. रत्तव्वानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि प्रत्येक झटक्याला ती स्वतः हलत होती.

डॉक्टर साडेसहाला आले. एका बैलाचा जबडा उघडला, उरलेली वैरण हातात घेतली, जिभेला लावली.

"मीठ कुणी घातलं?"

त्यांनी हातातली वैरण खाली टाकली.

"पाणी नसताना मीठ पोटात गेलं की ते मेंदूपर्यंत साठतंय. वरनं एकदम पाणी पाजलं की मेंदू सुजतोय. तहानेनं ही मेली नसती. अजून एक दिवस निघाली असती. कुणाचं डोकं हे?"

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. "लीडर?"

मी सावधानमध्ये उभी होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "माहीत न्हाय, साहेब."

एवढंच. रांगेतली एकही बाई बोलली नाही. कुणी कबूल केलं नाही, म्हणून रिपोर्टमध्ये उष्माघात असं गेलं. चामड्याला हात लावायचा नाही अशी ऑर्डर होती, म्हणून शनिवारी रेघेच्या आतच चर खणून, चुना टाकून पुरली. चंद्रीला ओढताना पोटातलं रेडकू हलल्यासारखं वाटलं म्हणून रत्तव्वानं पाच मिनिटं थांबायला लावलं. आम्ही थांबलो. हलत नव्हतं.

चर बुजल्यावर मी तिच्याजवळ गेले. म्हणाले, "रत्तव्वा, काल म्या खोटं बोलले."

"ठावं हाय की. म्या हुते की तितंच."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगून चंद्री उठती व्हय? मीठ तू सांगितलंस. चोळलं ह्या हातांनी." तिनं हात माझ्यासमोर धरले. मिठानं बोटांच्या चिरा पांढऱ्या पडल्या होत्या. "जा आता. तुझी ड्यूटी हाय."

पुन्हा ती मला तंगी म्हणाली नाही. छावणी उठली तेव्हा सगळे आपापली जनावरं हाकत पूर्वेकडे गेले. ती दावं खांद्यावर टाकून एकटी उलट्या दिशेला, नृसिंहवाडीच्या रस्त्यानं गेली. पुढे काय झालं ते कळलं नाही. सुभेदार वारले, डॉक्टरही गेले असतील. रिपोर्ट बदलायला आता कुणी उरलं नाही. म्हणून इथे लिहिते. उष्माघात नव्हता. मीठ मी घालायला लावलं, आणि विचारल्यावर नाही म्हणाले.

त्या दिवशी पडले ते असे. चंद्री, म्हैस, गाभण. कपिली, गाय. सर्जा आणि पाखऱ्या, एकाच जोडीचे बैल. तांबू, गाय, तान्ही. मैना, म्हैस. बाळ्या, खोंड. सोनी, म्हैस. गुलब्या, बैल, म्हातारा. आणि दोन कालवडी. त्यांची नावं विचारायला मी त्यांच्या मालकिणीसमोर जाऊ शकले नाही.