संशयातून स्वतःलाही न वगळणाऱ्या नलिनीताई

नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. संकठा घाटाच्या वरच्या अंगाला आमचा ध्वनिसंग्रह आहे. काशीतल्या मराठी घरांमधलं वेदपठण, कीर्तनं आणि बायकांची गाणी आम्ही तिथे संगणकावर जतन करतो. विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या ताई त्याची तांत्रिक बाजू सांभाळतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी म्हटलं, "रेकॉर्डिंग ठीक झालंय." त्या म्हणाल्या, "ठीक म्हणजे काय? ऐकव." आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

ताईंनी पंचाहत्तरी गाठली, त्या निमित्ताने त्यांच्या कामाविषयी लिहायचं तर एक प्रसंग सांगायलाच हवा.

आजारपणात वाचा गेलेल्या एका शास्त्रीबुवांचं पठण आमच्याकडे होतं. मूळ टेपा बुरशीने गेल्या होत्या. उरलेल्या फाइली पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या आमच्या प्रोग्रॅमखेरीज कशानेच उघडत नसत. शास्त्रीबुवांचे चिरंजीव विनायकराव ते पठण ऐकायला आले आणि नेमका तेव्हाच प्रोग्रॅम अडला. पडद्यावर निरोप आला : आवाजाची लायब्ररी सापडत नाही. लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमला आवाज वाजवायला लागणारा तयार आज्ञांचा संच.

विनायकरावांचा चेहरा बदलला. "ताई, साफ सांगा. बाबांचा आवाज तुमच्याकडून गेला ना? मशीन खराब असल्याचा बहाना नको."

आदल्या संध्याकाळी त्या संगणकावर मी काम केलं होतं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ताईंनी तर उघडच विचारलं, "मुक्ता, काल तू काय बदललंस?"

"काहीच नाही, ताई."

"नुसतं सांगू नकोस. दाखव."

मला ते फार लागलं. तरीही मी बसले आणि काल दिलेला एकेक आदेश त्यांना दाखवला. त्यात काही सापडलं नाही. लायब्ररीची फाइलही जागच्या जागी होती. मग हा निरोप कशाचा? विनायकराव म्हणाले, "फाइल दिसतेय आणि मशीन नाही म्हणतंय. कोण खोटं बोलतंय?"

"पायथनच्या निरोपावर विसंबू नये," ताई म्हणाल्या. "तो दुसऱ्याचं ऐकून सांगतोय. लायब्ररी आहे, पण तिलाही दुसऱ्या लायब्रऱ्या लागतात. त्यातली एखादी नसली, तरी हा सरसकट सगळीच नाही म्हणतो."

त्यांनी लायब्ररी कोणाकोणावर अवलंबून आहे ते तपासलं. एका नावापुढे 'सापडत नाही' असं आलं. ती छोटी लायब्ररी पूर्वी कुठून उचलली जात होती, ते पाहताना ताई थांबल्या. ती त्यांच्याच जुन्या फोल्डरमध्ये होती. अलीकडेच साफसफाई करताना तो फोल्डर त्यांनी स्वतः काढून टाकला होता.

हे त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही कळलं नसतं. ताई खुर्ची वळवून म्हणाल्या, "विनायकराव, चूक माझी आहे. मुक्ताचा यात काही संबंध नाही."

त्यांनी ती लायब्ररी नव्याने आणून नीट, संगणकावरच्या सगळ्यांसाठीच्या जागी बसवली. प्रोग्रॅम सुरू झाला, पठण घुमू लागलं. आम्ही हुश्श केलं. ताईंनी मात्र नाही. "आवाज आला म्हणजे बरोबर आला असं नव्हे. गती, पट्टी बदललेली असू शकते. तुम्ही सांगा, विनायकराव."

ते मान खाली घालून ऐकत राहिले. मध्येच पठण थांबलं, रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी खोकलं. विनायकरावांनी डोळे पुसले. "बाबाच आहेत," ते म्हणाले.

ताईंची माया याच जातीची आहे. माझी आई इस्पितळात होती, तेव्हा ताई रोज डबा घेऊन येत. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं होतं. स्वयंपाकीणबाईंनी शपथ घेतली तरी ताई प्रत्येक पदार्थ आधी चाखून पाहत आणि मगच आईपुढे ठेवत. आई म्हणायची, "या बाईंचा कुणावर भरोसा नाही, म्हणून मला निर्धास्त जेवता येतं."

ताई, आपली प्रकृती उत्तम राहो आणि आपल्याला उदंड आयुष्य लाभो. या शुभेच्छाही आपण तपासून घ्याल, हे ठाऊक आहे. जरूर घ्या. त्या खऱ्या आहेत.