पलंगावरचा दादा

रोज संध्याकाळी सातला माझा आतेभाऊ मनोहरदादा आमच्या टीव्हीत पलंगावर पडलेला असतो. मालिकेतल्या आजोबांना अर्धांगवायू झाल्यापासून त्याला एकही वाक्य नाही. मराठी, कानडी, गुजराती नाटकांत ज्याचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा, तो माणूस नुसता छताकडे बघतो, आणि सुना त्याच्या उशाशी दागिन्यांवरून भांडतात. माझं डोकं फिरतं. मी रिमोट आपटतो. सेल सोफ्याखाली जातात आणि मलाच ओणवं व्हावं लागतं.

काल फोनवर म्हणालो, "दादा, सोड ती मालिका."

"अरे, डोळ्यांत पाणी आणायचं काम आहे," तो हसला. "ते तिन्ही भाषांत सारखंच."

त्या हसण्याने मी आणखी पेटलो. आजही मालिकावाल्यांना शिव्या घालत होतो, तेवढ्यात बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याच्या कानडी नाटकाचे पास तुम्ही शेजारी देऊन टाकले होते ना?"

भाषा कळत नाही म्हणून दिले होते. गुजरातीचेही.

राग गेला नाही. फक्त शिव्या कुणाला घालायच्या ते कळेना. समोर दादाचे ओठ किंचित हलल्यासारखे वाटले. मी टीव्हीचा आवाज वाढवला.