दुप्पट दारूचा आळ

बंदुकीच्या मिस्त्रीचा राग गल्लीला पाठ होता. कानस जागेवर नसली तरी तो भडकायचा, आणि गिऱ्हाईक "जरा घाई आहे" म्हणालं की त्याचं काम मुद्दाम सगळ्यांत शेवटी घ्यायचा. दुकान आणि परवाना, दोन्ही बापाकडून आलेलं. दहा बाय बाराची खोली, खिडकीशी लेथ, मधोमध शेगडा, आणि रॉकेलचा वास इतका मुरलेला, की त्याची बायको त्याचे कपडे वेगळे धुवायची.

अशा माणसाला मित्र एकच, शाळेपासूनचा. तो औषधाच्या दुकानात कंपाउंडर होता आणि त्याला सगळे 'दुप्पट' म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, गडी डबल पीत असणार. तो थेंबाला शिवत नव्हता. गोळ्या मोजताना एकदा, पुडीत टाकताना एकदा आणि पुडी बांधल्यावर पुन्हा उघडून एकदा मोजायचा. रांगेतली माणसं वैतागायची.

नावाची गोष्ट अशी. त्याचा बाप लाकडाच्या वखारीवर राखणदार होता. बापाकडे ठासणीची जुनी रायफल होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची आणि मागे आट्यांनी बसवलेल्या पोलादी बोंडीवर ठिणगीची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार उडायचा. पोरगा बारा वर्षांचा असताना एका सकाळी बापाने त्याला बंदूक भरायला सांगितली. त्याने भरली, बापाने चाप ओढला आणि बोंडीच मागे उडून बापाच्या उजव्या डोळ्यात घुसली.

डोळा गेला. बंदूक तपासायला मिस्त्रीच्या बापाकडे आली. त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "पोरानं दुप्पट दारू भरली." मग "पुन्हा कुणी उडवायला नको" म्हणून बोंडीच्या भोकात शिसं ठोकून बंदूक परत केली. पोरगा रडून सांगत राहिला, मी एकच माप घातलं होतं. कुणी ऐकलं नाही. पुढे त्याचा स्वतःचाही स्वतःवर विश्वास उरला नाही. बापाने त्यानंतर मुलाच्या हातून काही घेतलं नाही. मुलगा कंपाउंडर झाला, तरी म्हातारा आपली औषधं शेजाऱ्याकडून मागवायचा.

गेल्या थंडीत म्हातारा वारला. बंदुकीचे कागद आपल्या नावावर झाल्यावर दुप्पट ती घेऊन दुकानात आला. सोबत एक पत्र्याची डबी होती. डबीत, डॉक्टरने काढून दिलेली ती बोंडी.

"हिला नीट कर," तो म्हणाला. "मला एकदाच उडवायची आहे. मापात."

"पंचेचाळीस वर्षांनी? डोकं फिरलंय तुझं?"

"फिरलंय. करणार का नाही?"

मिस्त्रीने आधी गज नळीत सोडून पाहिलं, आत जुना बार अडकलेला नाही ना. नव्हता. मग काम सुरू झालं. नळी तेलात भिजवून आतल्या पिळदार खाचांमधला गंज काढायला आठवडा गेला. लाकडी दस्त्याची चीर सरसाने बसवली, घोड्याची स्प्रिंग नवी केली. चौथ्या मंगळवारी त्याने भोकातलं शिसं काढलं.

आत आटे नव्हतेच. म्हणजे कधीकाळी होते. ते झिजल्यावर कुणीतरी नवे पाडायचे कष्ट न घेता भोक कानसून गुळगुळीत केलं होतं आणि बोंडी नुसत्या कथलाच्या डाखाने चिकटवली होती, भांड्याला कडी चिकटवतात तशी. डबीतल्या बोंडीच्या आट्यांतही तोच डाख भरलेला होता. शेजारी नळीवर तीन बारीक ठिपके होते. मिस्त्रीचा बाप दुरुस्त केलेल्या प्रत्येक बंदुकीवर ते ठोकायचा.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला हातोडा त्याने असा फेकला, की लेथमागची काच फुटली. मग तो तसाच, काळ्या हातांनी घरी गेला.

आई शेंगा सोलत होती.

"आई, त्या रायफलीला डाख बाबांनी लावला होता. तुला माहीत होतं?"

आईचे हात थांबले नाहीत. "कशाला उकरतोस मेलेल्या माणसाचं?"

"माहीत होतं का?"

"हो, होतं! अपघात झाला त्या रात्री जेवले नाहीत ते. दुकान नवं होतं, तुझी बहीण पोटात होती. परवाना गेला असता तर खाल्लं काय असतंस?"

"म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी? बारा वर्षांचं पोर होतं ते!"

"पोरं विसरतात."

"तो पुड्या तीन-तीनदा मोजतो, आई! आपल्या बापाला औषधाची एक गोळी स्वतःच्या हाताने देता आली नाही त्याला! आणि तू म्हणतेस विसरतात?"

आईने सूप उचललं आणि ती आत गेली. दोघांत नंतर त्यावर बोलणं झालं नाही. खरं तर बरेच दिवस कशावरच झालं नाही.

मिस्त्रीने भोक मोठं करून नवे आटे पाडले, लेथवर नवी बोंडी काढली. शनिवारी सकाळी दोघे बंद पडलेल्या दगडखाणीत गेले. पोलिसांत वर्दी दिलेली होती. मिस्त्रीने बंदूक वाळूच्या पोत्यांत घट्ट बसवली, चापाला लांब दोरी बांधली आणि मित्राला दगडाआड बसवलं. पहिला बार एका मापाचा. दोरी ओढली, दणका झाला, समोर निशाण म्हणून उभा केलेला पत्रा फाटला. मिस्त्रीने बोंडी तपासली. जागची हलली नव्हती. मग त्याने नळीत एक माप ओतलं, आणि त्यावर आणखी एक.

दुप्पट दगडाआडून उठला. "काय करतोयस? वेडा झालास?"

"खाली बस!"

दोरी ओढली. खाण दणाणली, पोती मागे सरकली, धूर पसरला. बोंडी होती तिथेच होती.

"बघ," मिस्त्री म्हणाला. "धड बंदूक दोन मापांनीही फुटत नाही. परीक्षाच तशी घेतात. तू दोन घातली असतीस, तरी डोळा गेला नसता. आणि तू एकच घातलं होतंस." मग त्याने सगळं सांगितलं. डाख, ठिपके, बाप, आई. काही गाळलं नाही.

दुप्पटने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार."

"हो."

"चार दिवस! मंगळवारी, बुधवारी माझ्याबरोबर चहा प्यायलास. पंचेचाळीस वर्षं तुझ्या बापाने दाबलं आणि वर चार दिवस तू!" आयुष्यात आवाज न चढवलेला तो माणूस किंचाळत होता. "माझा बाप गेला रे. त्याला आता कोण सांगणार? तुझी परीक्षा सांगणार?"

मिस्त्रीने पुढे होऊन चापाची दोरी सोडली.

दुप्पटने बंदूक पोत्यांतून ओढून काढली. नळी पुसून, तापलेली निवेपर्यंत थांबून, एक माप ओतलं, गोळी ठासली, खांद्याला लावली आणि उडवली. पत्रा हुकला. पुन्हा पुसली, पुन्हा भरली. असे पाच बार त्याने उडवले, प्रत्येक बाराला एक शिवी. घाईत दारू मापाबाहेर सांडत होती. सांडलेली त्याने एकदाही मोजली नाही. मग बंदूक काखेत मारून तो एकटाच चालत गेला.

दोन महिने त्याने दुकानाची पायरी चढली नाही. मिस्त्रीने तेवढ्यात बापाच्या जुन्या वह्या काढून तीन ठिपक्यांच्या बंदुका शोधल्या. घरोघर जाऊन एकोणीसपैकी सात मिळाल्या, त्यांतल्या दोन डाखाच्या निघाल्या. त्या फुकट नीट केल्या आणि कारण मालकांना तोंडावर सांगितलं. "बापाची अब्रू चव्हाट्यावर आणतो," असं चहाच्या टपरीवर लोक बोलले, तेव्हा तो तिथे जाऊन त्यांच्यावरही ओरडला.

मग एका दुपारी दुप्पट दारात उभा राहिला. आत आला नाही.

"माझ्या आईला तू सांग," तो म्हणाला. "माझं तिला खोटं वाटेल."

मिस्त्री तसाच उठून गेला. ऐंशी वर्षांची म्हातारी खाटेवर बसली होती. त्याने पहिल्यापासून सांगितलं, आवाज न चढवता. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, मुलाला मनगट धरून शेजारी बसवलं आणि ते मनगट सोडलंच नाही.

"तुझ्या बापाला आण माझ्यासमोर," ती मिस्त्रीला म्हणाली.

"ते आता नाहीत, काकू. मी आलोय."

"मग तू ऐक."

आणि तिने सुरुवात केली. त्याला बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. नवऱ्याचा डोळा, मुलाचं बालपण, एका घरात राहून बाप-लेकाने न बोलता काढलेली वर्षं, एकेक करून तिने त्याच्या पदरात टाकलं. मिस्त्री खाली मान घालून उभा होता. ती बोलायची थांबेपर्यंत तो उभाच राहिला.