आक्कांचा रेडा

आक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पायातली चप्पल हातात घेऊन एका बुलडोझरला मारत होत्या. लुगड्याचा काचा मारलेला, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत काळ्या तेलाने माखलेले. एक फटका, एक शिवी, असं चाललं होतं. त्या शिव्या मी इथे लिहीत नाही, कारण त्यांचे अर्थ तुम्ही तुमच्या आईबाबांना विचाराल आणि ते मला फोन करतील.

मुलांनो, तुम्ही ज्या आजोबांना फक्त फोटोत पाहिलं आहे, ते तेव्हा चाकणला गुरांचे डॉक्टर होते. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. गावापासून थोडं पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत आम्ही आक्कांच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आज त्या बाजूला मोटारींचे कारखाने आहेत आणि रस्त्यावर कंटेनरांच्या रांगा लागतात. तेव्हा तिथे बाजरी होती, करवंदीच्या जाळ्या होत्या, आणि आक्कांचा तो बुलडोझर होता. त्याला त्या रेडा म्हणायच्या.

"तू शिकल्याली हायेस नव्हं?" सामान उतरवायच्या आधीच त्यांनी मला विचारलं. "मग वाच, ह्याच्या पाठीवर काय लिवलंय. आजपातूर कुनी सांगितलं न्हाई."

मागच्या पितळी पट्टीवरची धूळ पुसून मी वाचलं. बर्फ पडण्यापूर्वी यंत्रातलं पाणी काढून टाकावं, अशी सूचना होती.

"बरफ? हितं?" आक्का डोंगराकडे बघून इतक्या जोरात हसल्या की बिचकून आमच्या बैलगाडीचे बैल मागे सरकले. मग त्या यंत्राला म्हणाल्या, "ऐकलंस का रं, मुडद्या? बरफ पडंल म्हनं. म्हनून रुसलायस व्हय?"

रेडा रुसायचं कारण दर वेळी जवळपास तेच असे. तो पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि तापला की रॉकेलवर चालायचा. संध्याकाळी बंद करण्यापूर्वी त्याला पुन्हा थोडा वेळ पेट्रोल पाजावं लागे. घाईत ते राहिलं की सकाळी पोटात रॉकेल साचलेलं असायचं आणि तो ढिम्म हलत नसे. मग आक्का त्याचे प्लग काढून चुलीच्या निखाऱ्यांवर भाकरीसारखे शेकायच्या, फडक्यात धरून धावत नेऊन पुन्हा बसवायच्या आणि पुढचं हँडल मारायच्या. त्या हँडलने उलटा झटका देऊन एकदा त्यांचं मनगट मोडलं होतं. ते वाकडंच जुळलं होतं. "अंगठा भाईर," त्या मला बजावायच्या. "चार बोटांच्या बाजूलाच अंगठा ठिवायचा. मूठ आवळली का ह्यो हात मोडतो. मानसाचंबी तसंच."

यंत्र त्यांच्या नवऱ्याने आणलेलं. युद्धाच्या काळात तो देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटर होता. युद्ध संपल्यावर मोडक्या सामानाचा लिलाव झाला, त्यात हे लहानसं धूड त्याने घेतलं आणि बैलांच्या जोड्या लावून वाडीवर ओढत आणलं. डोंगराच्या उतारावर त्यांची वडिलार्जित जमीन होती, दगड आणि कुसळांची. ती कापून पायऱ्यांसारख्या ताली पाडायच्या आणि त्यांत भात लावायचा, हे त्याचं स्वप्न होतं. एका दुपारी तो पुढचं पोलादी पातं वर उचलून त्याच्याखाली शिरला असताना तेलाची नळी फुटली. पातं खाली आलं. तो जागच्या जागी गेला.

"माझ्या देखत," आक्का सांगायच्या. "टिकाव घालून पातं उचलाया गेले, तर टिकावाचा दांडा मोडला." त्यानंतर पातं वर असलं की त्याच्याखाली बाभळीचा एक जाड ओंडका सरकवल्याशिवाय त्या कुणालाही जवळ फिरकू देत नसत. एकदा आजोबा सहज वाकून बघायला गेले, तर आक्कांनी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरून त्यांना असं मागे खेचलं की ते शेणात बसले. सरकारी डॉक्टर होते, पण ती कॉलर फाटलीच.

आक्कांना मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर महिपती शेजारीच राहायचा. भाऊ गेल्यावर त्याचं म्हणणं होतं की खुनी यंत्र भंगारात विकावं आणि उतार त्याच्या नावावर करावा. आक्कांचं उत्तर ठरलेलं असे. "बैलानं मानूस मारला म्हनून बैलाला कुनी फाशी देतं व्हय?" दिवस उलटले आणि त्या स्वतः यंत्रावर चढल्या. तेव्हा महिपतीने त्यांना केस धरून खाली ओढलं होतं. भुवईवरची खूण त्या दिवसाची. विधवांना नवऱ्याच्या जमिनीत हक्क मिळाल्याची बातमी मी पेपरात वाचून दाखवली, तेव्हा तो कुंपणापलीकडून ओरडला, "कायदा दिल्लीत ऱ्हातो, डाक्टरीणबाई! मी हितं ऱ्हातो!"

मी पुण्याच्या कॉलेजात शिकलेली मुलगी. माणसं एकमेकांवर हात उगारतात हे मला ठाऊक होतं, पण इथे तो बोलण्याचाच एक भाग होता. आक्काही काही कमी नव्हत्या. "हे बाईमानसाचं काम न्हाई" असं म्हणणाऱ्या एका मेकॅनिकच्या गुडघ्यावर त्यांनी पान्हा हाणला होता. त्यांच्यात मऊपणा शोधायला गेलं तर तो फक्त यंत्राच्या बाबतीत सापडायचा. थंडीत त्या त्याच्यावर घोंगडी घालत आणि स्वतः गोणपाट पांघरत.

एकदा त्यांनी मला शेजारी बसवून उतारावरून खाली आणलं. बुलडोझर दोन लोखंडी पट्ट्यांवर चालतो आणि त्याला मोटारीसारखं वळवायचं चाक नसतं. दोन दांडे असतात, एक डावा, एक उजवा. "सपाटीला डावा वढला का ह्यो डावीकडं वळतो," त्या म्हणाल्या. "पर उताराला बघ." त्यांनी डावा दांडा ओढला आणि अख्खं धूड गचकन उजवीकडे वळलं. मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "डावा पट्टा मोकळा सुटला का उताराला त्योच आधी पळतो. मग तोंड उजवीकडं फिरतं. उतारावर ह्यो उलटा, ध्यानात ठिव. मालकांनी पैल्या दिशी शिकिवलं." हे तुम्हीही लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट यावरच आहे.

बैलपोळ्याला त्या वाडीत मानाचा बैल आधी वेशीच्या तोरणाखालून जायचा, बाकीचे त्याच्या मागून. मान आक्कांच्या घराण्यातल्या थोरल्याचा. थोरला गेल्यावर महिपतीने आपला बैल पुढे काढायला सुरुवात केली होती. त्या वर्षी वाजंत्री वाजू लागली आणि वेशीकडे धडधड ऐकू आली. आक्का रेडा घेऊन येत होत्या. पात्याला गेरू लावलेला, त्यावर बाशिंग बांधलेलं, धुराच्या नळकांड्याला झेंडूची माळ.

"थोरल्याचा मान थोरल्याच्या बैलाला!" त्या वरूनच ओरडल्या. "बाजूला घे तुजं खोंड!"

लोक हसले, काही जणांनी खरोखर वाट सोडली. महिपती हसला नाही. त्याने कुणाच्या तरी खांद्यावरची कुऱ्हाड ओढून घेतली आणि रेडिएटरवर घातली. उकळतं पाणी कारंज्यासारखं त्याच्या तोंडावर उडालं. तो डोळे झाकून ओरडत असताना आक्का हँडल घेऊन खाली उतरल्या आणि त्यांनी ते त्याच्या खांद्यावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी वीस पावलांवरून ऐकला. त्याने आंधळेपणानेच कुऱ्हाडीचा दांडा फिरवला, तो आक्कांच्या तोंडावर बसला. बैल उधळले. पोळीचा घास घेऊन उभ्या असलेल्या बायका रडत पळाल्या.

आजोबांनी आमच्या ओसरीवर दोघांनाही तपासलं. एकाच ओसरीवर, दोन टोकांना बसवून. आक्कांचा ओठ शिवताना त्या रक्त थुंकत म्हणाल्या, "माझं मागनं बघा, डाक्टर. रेड्याच्या पोटातनं पानी गळतंय."

"रेड्याला माझं औषध चालायचं नाही, आक्का."

"हळद चालतीया," त्या म्हणाल्या. आणि खरंच, कासाराकडून रेडिएटरच्या चिरेला कथलाचा डाख लावून घेतल्यावरही जे बारीक झिरपत होतं, ते त्यांनी पाण्यात मूठभर हळद टाकून बंद केलं. त्याच डब्यातली हळद त्यांच्या ओठावर होती. तोंड बरं झालं, पण समोरचे दात परत आले नाहीत.

महिपतीचा खांदा जुळला आणि त्याने निरोप धाडला, उतारावर पुन्हा यंत्र दिसलं तर आक्का जिवंत खाली येणार नाही.  दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का प्लग शेकायला बसल्या. शेवटची ताल पाडायची राहिली होती. ती पडली असती तर नवऱ्याने आखलेला डोंगर पुरा झाला असता. ती सोडली असती तर सगळा उतार महिपतीने गिळला असता. हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि मलाही.

मी खालच्या विहिरीवर होते. वाडीतले बरेच लोक उताराखालच्या खळ्यावर होते. रेडा उतारावरून खाली येत होता आणि समोर महिपती उभा होता, हातात पुन्हा कुऱ्हाड.

"चालव की!" तो ओरडत होता. "चालव माझ्या अंगावरनं! न्हाईतर उतर खाली, तुला हितंच गाडतो!"

आक्का थांबल्या नाहीत. अंतर थोडं उरलं तेव्हा महिपतीने बाजूला उडी घेतली, आक्कांच्या उजव्या हाताला, आणि कुऱ्हाड उगारून यंत्रावर चढण्याच्या पवित्र्यात उभा राहिला. आक्कांनी डावा दांडा ओढला. सगळ्यांनी पाहिलं, डावा. आणि रेडा उजवीकडे वळला.

पट्टा त्याच्या पायावरून गेला. त्या किंकाळीचं वर्णन मी करणार नाही. आक्कांनी यंत्र पुढच्या बांधाला टेकवून बंद केलं, बंद करण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक फिरवायला विसरल्या नाहीत, आणि धावत येऊन स्वतःचं लुगडं फाडून त्याच्या मांडीला आवळून बांधलं. तो त्यांना शिव्या देत होता, त्या त्याला शिव्या देत गाठ मारत होत्या. आजोबा आले. बैलांसाठी ठेवलेलं भुलीचं औषध त्यांनी त्याला दिलं. ट्रकमधून पुण्याच्या इस्पितळात नेलं तेव्हा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. तो वाचला.

फौजदार आला, पंचनामा झाला. साक्षीदार एकमुखाने म्हणाले, बाईनं त्याला चुकवायला डावीकडे वळवलं, यंत्र उलटं गेलं. कुऱ्हाडीचं नाव आक्कांनी काढलं नाही, म्हणून वाडीतल्या कुणीच काढलं नाही. पुण्याहून आलेल्या मेकॅनिकने उतारावर चालवून दाखवलं, हे असंच होतं. फौजदाराने मान हलवली. "बाईमाणूस. तिला यंत्रातलं काय कळणार?" अपघात अशी नोंद झाली. हात बांधून उभ्या असलेल्या आक्कांकडे मी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाचं "बाईमाणूस" मुकाट्याने ऐकून घेत होत्या.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "आक्का, चुकून झालं ना?"

भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "त्यो वर चढला असता तर आज तू माझं सुतक धरलं असतंस." मग भाकरी माझ्या ताटात टाकून, "मान फिरवून बसू नगंस. जेव."

शेवटची ताल झाली. पुढच्या पावसाळ्यात सगळ्या तालींत भात उभा राहिला. त्यानंतर एके दिवशी आक्का रेडा घेऊन महिपतीच्या दारात गेल्या. तो कुबडी घेऊन बाहेर आला, आम्हाला वाटलं आता पुन्हा रक्त सांडणार. आक्कांनी त्याच्या दारापासून विहिरीपर्यंतची दगडधोंड्यांची वाट कापून सपाट केली आणि परत आल्या.  त्या दिवसापासून तो स्वतः पाणी आणू लागला.

आक्का गेल्या त्या पात्याची झिजलेली कड बदलताना. पातं वर उचललेलं होतं. ओंडका आणायला त्या वळल्या आणि छातीवर हात धरून अंगणातच पडल्या. आजोबांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. बघता बघता अंगण माणसांनी भरलं. ऊन कडक होतं. बायका, पोरं सावलीला म्हणून यंत्राला टेकून उभी राहिली, काही जणी थेट त्या पात्याखाली बसल्या.

"सरका! सरका मागं, भवान्यांनो!"

महिपती होता. आक्कांच्या देहाकडे न बघता तो कुबडी टेकत तडक यंत्राकडे गेला. कुबडीने बायकांना अक्षरशः ढोसून बाजूला केलं, मग जमिनीवर बसून, एका पायाने रेटत, तो बाभळीचा ओंडका त्याने पात्याखाली सरकवला. त्याला बराच वेळ लागला. मदतीला गेलेल्याला त्याने हात लावू दिला नाही.

मग तिथेच, ओंडक्याला टेकून, धापा टाकत तो आजोबांना म्हणाला, "डाक्टर, समदी म्हनत्यात बाईला यंत्र कळलं न्हाई. दादानं तिला उतार शिकिवला तवा मी तितंच उभा व्हतो. तिनं डावा दांडा धरला आन् मला कळलं, आता ही चुकायची न्हाई."

"मग फौजदाराला का नाही सांगितलंस?" आजोबांनी विचारलं.

महिपतीने कुऱ्हाडीचा दांडा धरावा तशी कुबडी धरली होती. त्याने ती हळूच खाली ठेवली.

"मी तिला माराया गेलो व्हतो," तो म्हणाला. "त्ये तिनंबी न्हाई सांगितलं."