थाओ गुरुजींचा पडदा

नानजिंगच्या परीक्षागृहातली एक गल्ली माझ्याकडे आहे. मी तिथला शिपाई. दर तीन वर्षांनी विद्वान परीक्षेला येतात, एकेका कोठडीत दिवसचे दिवस बसून लिहितात, तिथेच रांधून खातात. मी त्यांना पाणी पुरवतो आणि कुणी कुणाशी बोलत नाही ना, हे बघतो. विद्वान म्हटलं की लोक हात जोडतात. मी त्यांना भात करपवताना पाहिलंय, त्यामुळे माझे हात चटकन जुळत नाहीत. थाओ गुरुजींपुढे मात्र ते आपोआप जुळतात.

गुरुजी शुआनचेंगकडच्या खेड्यात पोरांना शिकवायचे. माझा बाप ही गल्ली सांभाळायचा तेव्हापासून ते परीक्षेला येत होते आणि नापास होऊन परत जात होते. निबंध कसा झाला विचारलं की म्हणायचे, "झकास. पण परीक्षकांची नजर अधू असते रे."

त्या वर्षी ते ऐंशीचे झाले. ऐंशीच्या उमेदवाराने तिन्ही सत्रं नीट पार पाडली, तर नापास झाला तरी बादशहा कृपेची पदवी देतो. फक्त कागद स्वच्छ हवा. डाग पडला की नाव बाहेर भिंतीवरच्या निळ्या यादीत लागतं आणि माणूस बाद होतो. गुरुजींची दोन सत्रं बिनडाग झाली होती. गावाने त्यांच्या दारावर लावायची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती.

"गुरुजी, आता नुसती अक्षरं काढा. डोकं चालवू नका," मी म्हणालो.

"जन्मभर डोकं चालवून पदवी मिळाली नाही, ती न चालवता मिळाली तर मला लाज नाही का वाटणार रे?"

तिसरं सत्र चालू होतं. शेजारच्या कोठडीत लू नावाचा पोरगेला उमेदवार पहिल्यांदाच आलेला. पेज शिजवताना त्याच्या शेगडीची ठिणगी उडाली आणि मेणकापडाचा पडदा जळून खाक झाला. आमच्या कोठड्यांना दार नसतं, ऊनपाऊस अडवतो तो हा पडदाच. दुपारी आभाळ भरून आलं, तसा लू कागद पोटाशी धरून रडायला लागला.

"कोण रडतंय रे?" गुरुजींनी विचारलं. मी सांगितलं, तर त्यांनी आपला पडदा सोडून माझ्या हातात दिला. "हा त्याला बांधून दे."

"इथली वस्तू तिकडे नेली तर माझी पाठ सोलून काढतील!"

"कापडावर काही लिहिलंय का? उलटून बघ."

"आणि तुमचं काय? ती पाटी?"

"मी भराभर लिहितो. पावसाच्या आत संपवतो."

ऐंशीव्या वर्षी, थरथरत्या हाताने, म्हणे भराभर! मला असा राग आला. तरी मी पडदा नेऊन बांधला.

पाऊस आधी आला. गुरुजींनी अंगरखा काढून डोक्यावरून कागदावर धरला आणि उघड्या पाठीने भिजत लिहीत राहिले. शेवटच्या पानावर पाणी पडलंच.

निळ्या यादीत त्यांचं नाव लागलं. "फिटली हौस?" मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडलो. मला रडू आवरत नव्हतं.

गुरुजींनी नाव नीट वाचलं. "कारकुनाचं अक्षर देखणं आहे हो," म्हणाले आणि गावाची वाट धरली. पुढे निकाल लागला, तर लूसुद्धा नापास. म्हणजे पडदाही गेला आणि पदवीही.

तीन वर्षांनी गुरुजींना ती पदवी मिळाली, पाटीही लागली. गावचे लोक कौतुकाने पाटी दाखवतात. मला आठवते ती त्या खेपेची झडतीची सकाळ. फाटकावर मी त्यांची टोपली उघडली. पिठाच्या पोळ्या, शाई उगाळायचा दगड आणि खाली घडी करून ठेवलेले दोन कोरे पडदे.

"दोन कशाला, गुरुजी?"

"एक माझा," ते म्हणाले. "शेजारी कोण आलंय रे या खेपेला?"